बाईंनी एकदा कौतुक केलं

शाळेत त्यांना सगळे 'कात्रीबाई' म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर म्हणण्याची छाती मुख्याध्यापकांचीसुद्धा नव्हती. बाई चौथीच्या वर्गाला भाषा शिकवायच्या आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकाही मुलाला छडी लावली नव्हती. गरजच पडायची नाही. उशिरा येणाऱ्याला त्या दारातच म्हणायच्या, "या महाराज, या! तुमच्यावाचून सूर्य उगवायचा खोळंबला होता." गृहपाठ विसरलेल्याला म्हणायच्या, "बरं केलंस हो. मला वाचायचा केवढा त्रास वाचला!" मूल मान खाली घालून जागेवर जाई आणि उरलेला वर्ग खुसुखुसु हसे. शिक्षा झाली, वर्गाची करमणूक झाली, आणि अंगावरचे वळ दाखवून तक्रार करायचीही कुणाला सोय नाही. इतकी स्वच्छ पद्धत बाकीच्या शिक्षकांना कशी सुचत नाही, याचं बाईंना नवल वाटे.

ही विद्या माहेरची. वडील कापडाच्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे जीभ साखरेत घोळवावी लागायची, त्यामुळे शिल्लक राहिलेली सगळी धार ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. 'मीठ कमी पडलंय' एवढं साधं वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. "डॉक्टरांनी सगळ्यांचं मीठ बंद केलंय का?" असं विचारायची पद्धत होती. बाई परीक्षेत पहिल्या आल्या तेव्हा वडील म्हणाले, "अरे वा! बाकीची मुलं आजारी होती वाटतं." त्या दिवशी बाई न्हाणीघराचं दार लावून रडल्या. त्यातून घ्यायचा तो धडा मात्र त्यांनी घेतला नाही, भलताच घेतला. बोलणारा कधी रडत नाही, ऐकणाऱ्याला रडावं लागतं, तेव्हा आपण बोलणाऱ्याच्या बाजूला असलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

लग्न झालं ते वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. या गृहस्थाला केसाएवढ्या वजनातला फरक बोटांना कळायचा, पण टोमणा अंगावर येऊन आदळला तरी कळायचा नाही. नव्या नवलाईच्या दिवसांत एकदा त्यांना घरी यायला फार उशीर झाला. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इतक्या लवकर कशाला आलात? दुकानातच अंथरूण टाकायचं होतं की!"

त्यांनी क्षणभर मनापासून विचार केला. "नको गं, तिथे डास फार आहेत."

बाईंनी हात टेकले. हा माणूस आंघोळ करताना मोठ्यांदा गायचा. गाणं कुठलंही असो, सूर एकच, आणि तोही कुठल्या गाण्यात न बसणारा. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "वा, काय गळा लागलाय! रेडिओवाले अजून न्यायला कसे आले नाहीत?" ते केस पुसत बाहेर यायचे आणि लाजून म्हणायचे, "छे गं, एवढं काही नाही." असा त्यांचा संसार सुखाने चालला होता.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी नवीन आली. तिला काहीही सांगितलं की ती डोळे विस्फारून विचारायची, "खरंच?" वर्गाने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'खरंचू' पाडलं. कुणी म्हणालं, 'माझ्या पोटात कावळे ओरडतायत,' की ही कान देऊन ऐकायची. बाईंनी परीक्षेच्या आधी 'डोळ्यांत तेल घालून अभ्यास करा' म्हटलं, तर सगळी मुलं माना डोलवत असताना हिने हात वर करून विचारलं, "कुठलं तेल, बाई?"

"तुझ्यासाठी यंत्राचं," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. खरंचूने ते वहीत लिहून घेतलं.

निदान तिने तरी ते लिहिलंय असं मानायला हवं, कारण तिचं अक्षर वाचून खात्री करायची सोय नव्हती. काने आपापल्या अक्षरांना सोडून भटकायचे, अनुस्वार पुढच्या शब्दावर जाऊन बसायचे, आणि वरची रेघ वादळात सापडलेल्या दोरीसारखी कुठल्या कुठे जायची.

एक दिवस बाईंनी 'माझे घर' या विषयावरचे निबंध तपासून परत दिले. खरंचूचा निबंध त्यांनी तपासला नव्हता. पहिल्या ओळीशी थोडी झटापट करून नाद सोडला होता. पण रिकाम्या हाताने परत देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तो कागद दोन बोटांत धरून उंच केला.

"अहाहा! काय हे अक्षर! हे असं वहीत कोंडून ठेवायचं नसतं. चांगली फ्रेम करून वर्गाच्या भिंतीवर लावायला हवं. येणाऱ्याजाणाऱ्याने बघत राहावं!"

वर्ग हसून लोटपोट झाला. खरंचू उभी राहिली. "खरंच, बाई?"

हशा चांगला रंगला होता. अशा वेळी थांबणं कुठल्याही कलावंताच्या जिवावर येतं. "अगदी खरंच!" बाई म्हणाल्या.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. खरंचूच्या वडिलांचं बाजारात फोटोफ्रेमचं दुकान होतं.

पुढच्या सोमवारी शाळा भरण्याआधी बापलेक वर्गाच्या दारात उभे होते. फ्रेमवाल्याच्या काखेत कागदात गुंडाळलेलं मोठं काहीतरी, एका हातात हातोडी, आणि ओठांत धरलेला खिळा. खिळा हातात घेऊन तो म्हणाला, "आत येऊ का, बाई? कुठल्या भिंतीवर लावायचं?"

"काय लावायचं?"

त्याने कागद सोडला. आत रुंद तपकिरी चौकट, तिला बारीक सोनेरी कड, निबंधाभोवती मलईच्या रंगाचा जाड कागदाचा पट्टा आणि वर लखलखीत काच. लोक लग्नाच्या फोटोलाही एवढा खर्च करत नाहीत.

"आजवर हिच्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नाही," फ्रेमवाला म्हणाला. "आधीच्या शाळेत तर रोज ओरडा खायची. मीही ओरडायचो, खोटं कशाला बोलू? हिने येऊन सांगितलं तेव्हा मला पटेचना. म्हटलं, बाई चेष्टा करत असतील. तर ही म्हणाली, मी उठून विचारलं, बाई 'अगदी खरंच' म्हणाल्या. तुमची नजरच वेगळी हो!"

बाईंच्या जिभेवर एरवी अशा प्रसंगाला साजेशी दहा वाक्यं तयार असायची. त्या दिवशी एकही फिरकलं नाही. फ्रेमवाला स्टुलावर चढला, खिळा ठोकला, फ्रेम टांगली, खाली उतरून एक डोळा मिटून बघितलं आणि पुन्हा चढून डावी बाजू किंचित वर केली. "आता सरळ आहे," तो म्हणाला. चौकटीपुरतं ते खरं होतं.

"छान दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा त्यांनाच आवाज ओळखीचा वाटला नाही.

चांगली बातमी जितकी पसरायला हवी त्याहून जरा जास्तच पसरली. चित्रकलेचे मास्तर येऊन बराच वेळ फ्रेमपुढे उभे राहिले आणि त्यांनी आदराने विचारलं, "बाई, ही कुठली लिपी?" शिपाई रोज झाडताना वर बघून मान हलवायचा. मुख्याध्यापकांना मात्र भरून आलं. प्रत्येक गोष्टीत 'उपक्रम' सापडायची त्यांना जुनी व्याधी होती. "कमकुवत विद्यार्थ्याला प्रोत्साहन! बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," असं त्यांनी भर बैठकीत सांगितलं आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग सगळ्या वर्गांनी एकेक वाईट अक्षर निवडून भिंतीवर लावावं, अशी सूचना निघाली. आपलं अक्षर वाईट ठरावं म्हणून दोन वर्गांत मुलांची भांडणंही झाली.

खरंचू मात्र पार बदलून गेली. सगळ्यांच्या आधी येऊन ती रुमालाने काच पुसायची. मान वर करून बसायची. आणि लिहायचीही खूप. पूर्वी अर्ध्या पानात आटोपायचा तो गृहपाठ आता चार पानं व्हायला लागला, आणि ती चारही पानं बाईंना भिंग घेऊन वाचावी लागायची, कारण प्रत्येक पानावर शेरा मिळाल्याशिवाय ती हलायची नाही. एका वाक्याची एवढी वसुली बाईंच्या वडिलांनाही कधी भोगावी लागली नव्हती.

एवढ्यावरही भागलं असतं. पण पुस्तकातला पुढचा धडा आला, 'शब्दांचा सरळ अर्थ आणि लाक्षणिक अर्थ'.

हा बाईंचा हातखंडा धडा. मुलांना त्या तो 'सरळ बोलणं आणि वाकडं बोलणं' म्हणून शिकवायच्या. त्यांनी फळ्याचे दोन भाग केले आणि विचारलं, "आई म्हणाली, 'या पोराने घर डोक्यावर घेतलंय.' सरळ धरलं तर काय होईल?"

"मान मोडेल!" एक मुलगा ओरडला.

"आणि वाकडं धरलं तर?"

"दंगा करतोय!"

मग वर्गाला ऊत आला. कुणी कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, कुणाच्या तोंडचं पाणी पळालं, कुणी आकाशपाताळ एक केलं. एका मुलाने 'कान टवकारून' पाहण्याचा प्रयत्न केला आणि तोंड लाल होईपर्यंत सोडला नाही. खरंचू सुरुवातीला गप्प होती. हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला, जणू घरातली बंद खोली कुणीतरी उघडून दिली होती.

"म्हणजे शब्द एक बोलतात आणि माणूस दुसरंच?" तिने विचारलं.

"बरोबर."

"मग ओळखायचं कसं, बाई?"

"आवाजावरून. चेहऱ्यावरून. आणि सरळ धरलं तर वाक्य किती वेडगळ वाटतं, त्यावरून."

खरंचूने मान डोलावली. बाईंनी पान उलटलं. पुढचा भाग होता 'उपरोध', म्हणजे तोंडाने स्तुती आणि मनात निंदा. खाली छापलं होतं, 'शिक्षकांनी वर्गातील रोजच्या बोलण्यातली उदाहरणे द्यावीत.' बाईंची नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या म्हणाल्या, "आज इथवरच." तास संपायला अजून बराच वेळ होता. वर्गाला आधी विश्वास बसला नाही, मग आनंद झाला.

त्यानंतर बाईंनी विरामचिन्हं घेतली. विरामचिन्हं संपल्यावर पुन्हा विरामचिन्हं घेतली. चौथीच्या मुलांना स्वल्पविरामाचं इतकं सखोल ज्ञान याआधी कधी मिळालं नसेल. शेवटी मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "बाई, लाक्षणिक अर्थाचा धडा अर्धवट का? तपासणीला साहेब येणार आहेत, ते नेमकं तेच विचारतात."

"मुलांना पचायला वेळ देतेय," बाई म्हणाल्या.

"वा, हाही एक उपक्रमच!" मुख्याध्यापक म्हणाले. "पण या आठवड्यात पचवा."

संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते टेबलावर एका काट्याचा स्क्रू पिळत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे तुला ते अक्षर आवडलं नव्हतं?"

"अहो, कुणाला आवडेल ते?"

"मग तसं सांगायचं."

"तसं सांगितलं तर पोरीला वाईट वाटलं असतं ना!"

"आणि आता?"

ते पुन्हा स्क्रूकडे वळले आणि मध्येच हात थांबवून म्हणाले, "अगं, आणि ते रेडिओवाले?"

बाई गॅसवरचं दूध बघायला उठल्या. गॅसवर दूध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून फक्त पाण्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशीही तेच. लग्न झाल्यापासून बाईंनी जिच्यासाठी जीव टाकला होता ती शांतता एकदाची मिळाली, आणि घर असं झालं जसं कुणीतरी सामानसुमान उचलून नेलंय. आठवडा संपत आला तेव्हा त्यांनी न्हाणीघराच्या दारावर टकटक केली.

"गाणं का बंद आहे?"

"तुला आवडत नाही ना."

"नाही आवडत."

"मग झालं तर."

"ऐका. सरळ सांगते. तुम्ही बेसूर गाता. आणि गात नाही तर मला घरात करमत नाही. दोन्ही खरं आहे."

आत तांब्या बादलीवर आपटला. मग पाणी ओतलं गेलं आणि पाठोपाठ गाणं आलं, पहिल्याइतकंच भयंकर. बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. खरं बोलून माणूस मरत नाही, हा शोध त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागला.

त्याच दिवशी त्यांनी वर्गात पुस्तक उघडलं. "उपरोध," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाकड्या बोलण्यातलं सगळ्यात वाकडं. निंदा असते, पण स्तुतीचे कपडे घालून येते. उदाहरण कोण देईल?"

सगळ्या वर्गाचे हात वर. बाई जरा चकित झाल्या. पहिल्या बाकावरचा मुलगा उठला आणि अगदी बाईंच्या आवाजात, बाईंसारखी मान तिरकी करून म्हणाला, "'या महाराज, या! तुमच्यावाचून सूर्य उगवायचा खोळंबला होता!'"

वर्ग हसला. दुसरी मुलगी उठली. "'बरं केलंस हो. मला वाचायचा केवढा त्रास वाचला!'"

मग तिसरा, मग चौथा. 'तुझा मेंदू कसा नवाकोरा राहिलाय, कधी वापरलेला नाही ना.' 'हळू बोल, भिंतींना त्रास होईल.' मुलांनी एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. या वर्गाचं कवितांचं पाठांतर इतकं पक्कं कधीच नव्हतं. आणि गंमत म्हणजे ज्याला जे बोललं गेलं होतं, तोच ते सांगत होता.

शेवटी एक हात हळूच वर आला. खरंचू उभी राहिली. ती बाईंकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

"'अहाहा! काय हे अक्षर! चांगली फ्रेम करून वर्गाच्या भिंतीवर लावायला हवं.'"

कुणीच हसलं नाही. मुलं क्रूर असतात असं मोठी माणसं म्हणतात, पण त्या क्षणी मुलांनी बाकांकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, एकाने तर पेन्सिलीला नसलेलं टोक काढायला घेतलं.

"बरोबर उदाहरण आहे का, बाई?" खरंचूने विचारलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आणि ते बोलणं चूक होतं."

मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, खरंचू गेली नाही. बाई स्टूल ओढून फ्रेमखाली घेऊन आल्या.

"मी काढून ठेवू का हे? तू म्हणशील तसं."

"नको," ती घाईने म्हणाली. "काढलं तर बाबा विचारतील. ते दुकानात सगळ्यांना सांगतात. तुम्ही त्यांना सांगू नका, बाई."

"तुला राग आलाय ना माझा?"

"हो," खरंचू म्हणाली. या बाबतीत ती अजून सरळच बोलत होती. "फार."

आणि ती डबा घेऊन बाहेर निघून गेली. स्टूल आणलंच होतं म्हणून बाई त्यावर चढल्या, चष्मा पुसला आणि काचेला नाक लावून निबंध वाचायला लागल्या. अख्खी सुट्टी त्यात गेली. लिहिलं होतं, 'आमच्या घरात खूप माणसं आहेत. ती सगळी भिंतीला टेकून उभी असतात. ती दुसऱ्यांची आहेत. त्यांच्या घरचे लोक त्यांना न्यायला विसरतात. मी त्यांची धूळ पुसते. एक आजोबा मी लहान होते तेव्हापासून आमच्याकडे आहेत. आमचा फोटो आमच्या घरात नाही. बाबा म्हणतात, काच उरली की करू.'

मुलं परत आली तरी बाई स्टुलावरच होत्या. खरंचू आपल्या जागेवर बसायला निघालेली दिसली तशा त्या खाली उतरून तिच्या बाकाजवळ गेल्या.

"तुझं अक्षर फार वाईट आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "रोज शाळा सुटल्यावर माझ्याजवळ बसून गिरवायचं. आणि निबंध मी आज पहिल्यांदा वाचला. मी या वर्गात इतकी वर्षं निबंध वाचतेय. असा चांगला फार थोड्यांनी लिहिलाय."

खरंचूने तोंड उघडलं आणि सवयीचा शब्द गिळला. जरा विचार करून तिने विचारलं, "सरळ की वाकडं?"

"सरळ," बाई म्हणाल्या.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, शिकवलं होतं अगदी तसं. मग पटलं असावं, कारण ती खाली बसली. त्या दिवशी मात्र ती बाईंशी आणखी एक शब्दही बोलली नाही, आणि पुढेही कितीतरी दिवस शाळा सुटल्यावर गिरवायला बसली तरी तोंड फुगवूनच बसायची. वर्षाअखेर तिचं अक्षर थोड्या प्रयत्नाने वाचता येईल इतपत आलं. त्याहून पुढे ते कधीच गेलं नाही. तपासणीच्या साहेबांनी फ्रेमकडे बघून 'बोलका वर्ग' असा शेरा दिला. निबंध काही वाचला नाही.

बाईंचं मात्र फार नुकसान झालं. वर्गाला नवीनच खोड लागली. कुणी उशिरा आला आणि त्यांच्या तोंडून 'या महाराज' निघालं रे निघालं, की मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "बाई, सरळ की वाकडं?" टोमण्याची अशी ओळखपरेड व्हायला लागली की त्याचा जीवच जातो. नाइलाजाने बाईंना 'तू उशिरा आलास, उद्या वेळेवर ये,' असं बेचव बोलायची सवय लावून घ्यावी लागली. मुलं वेळेवर येऊ लागली, हा त्याहून मोठा अपमान.

शिक्षकांच्या खोलीत मात्र असं कुणी विचारत नसे. त्यामुळे मुख्याध्यापकांनी पुढच्या बैठकीत, सगळ्या शिक्षकांनीही आपापले निबंध लिहून फ्रेम करावेत असा उपक्रम मांडला, तेव्हा बाई लगेच म्हणाल्या, "काय कल्पना आहे, साहेब! ही आम्हाला कुणालाच सुचली नसती."

"आभारी आहे, बाई," मुख्याध्यापक म्हणाले, आणि त्यांनी सुरुवात बाईंपासूनच करायचं ठरवलं.